हरलेल्यांचा नायक : मधू



यंदाच्या पुष्पासाठी महाराष्ट्राबाहेरचा एखादा नट-निर्माता घ्या, असं आयोजकांनी सुचवलं. मी मल्याळम म्हणताच फोनवर पलीकडून दोन नावं आली, मामुट्टी आणि मोहनलाल. म्हटलं, त्यांच्या आधीचा. ‘मग प्रेम नझीर का?’ नाही, त्यांच्या शेजारचा. मधूंची ओळख आपल्याकडे अशीच करून द्यावी लागते. कुणाच्या तरी आधीचे, कुणाच्या तरी शेजारचे. केरळात त्यांना असा परिचय लागत नाही. पण आजचा माझा मुद्दा या ‘शेजारी असण्या’चाच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तुमच्यातल्या काहींनी त्यांना पाहिलेलं आहे, फक्त ते लक्षात राहिलेले नाहीत. १९६९ चा ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ आठवा. गोवामुक्तीची गोष्ट. देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून आलेले सत्याग्रही आणि गोव्याची मारिया, असे मिळून सात. अब्बास यांनी नटांची मुद्दाम अदलाबदल केली होती. बंगाली रंगभूमीचे उत्पल दत्त पंजाबी झाले, जलाल आगा झाला मराठी सखाराम शिंदे आणि केरळचे मधू झाले बंगाली सुबोध सान्याल. या चित्रपटाचा विषय निघाला की आपण एकच नाव घेतो, अमिताभ बच्चन; त्याचा हा पहिला चित्रपट, मानधन पाच हजार रुपये, वगैरे किस्से पाठ असतात. त्याच्या बाजूला उभा असलेला सान्याल त्या वेळी आपल्या भाषेत सहा वर्षं नायक म्हणून नावाजलेला होता, हे कुणी सांगत नाही. गोव्यावरच्या हिंदी चित्रपटात हा मल्याळी माणूस आला कसा, असंही कुणी विचारत नाही. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. हिंदी संवादांसाठी त्यांना शिकवणी लावण्याची गरज नव्हती. हा गृहस्थ हिंदीचा प्राध्यापक होता.

त्यांचं मूळ नाव माधवन नायर. जन्म २३ सप्टेंबर १९३३, तिरुवनंतपुरम. वडील परमेश्वरन पिळ्ळै त्या शहराचे महापौर होते. घर सुखवस्तू, प्रतिष्ठित, आणि मुलाने नाटकात जावं असं वाटण्याचं काहीच कारण नसलेलं. मुलगा बनारस हिंदू विद्यापीठात जाऊन हिंदीत एम. ए. झाला आणि नागरकोविलच्या महाविद्यालयात शिकवू लागला. कायमची नोकरी, दारावर नावाची पाटी, सगळं जागच्या जागी. दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू होत असल्याची जाहिरात त्यांनी वाचली आणि नोकरी सोडली. साल १९५९. विद्यालयाची पहिली तुकडी, आणि तीत हे एकटेच मल्याळी.

राष्ट्रीय नाट्य विद्यालय म्हटलं की आपल्या मनात पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी येतात. ते संचालक झाले १९६२ मध्ये. मधूंची तुकडी त्याआधीची. म्हणजे पुढे ज्या शिस्तीसाठी ती संस्था ओळखली गेली, ती शिस्त तिथे पुरती रुजण्याआधीच हे शिकून गेले. त्यांच्या अभिनयात शाळेचा शिक्का असा दिसत नाही. दिसतो तो मोजून बोलणारा, वाक्य संपेपर्यंत हात जागेवर ठेवणारा माणूस. ही नाट्यशिक्षणाची देणगी की वर्गात रोज तासभर उभं राहून शिकवण्याची सवय, हे मला अजून उलगडलेलं नाही. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

दिल्लीत त्यांची गाठ दिग्दर्शक रामू कारियाट यांच्याशी पडली. कारियाट यांनी ‘मूडुपडम’मध्ये भूमिका दिली, पण पडद्यावर आधी आला तो एन. एन. पिशारडी यांचा ‘निणमणिञ्ञ काल्पाडुकळ’, १९६३ मध्ये. नायक प्रेम नझीर, आणि मधू सैनिक स्टीफन. ती भूमिका मुळात सत्यन यांच्यासाठी होती. माधवन नायरचं ‘मधू’ केलं कवी-गीतकार-दिग्दर्शक पी. भास्करन यांनी. म्हणजे पहिलीच भूमिका दुसऱ्यासाठी योजलेली, आणि नावही दुसऱ्याने दिलेलं.

इथे नझीर आणि सत्यन यांच्याविषयी थोडं बोलायला हवं. साठच्या दशकातला मल्याळम चित्रपट या दोघांच्या खांद्यांवर उभा होता. नझीर म्हणजे देखणा, गोड, गाण्यात झाडाभोवती फिरणारा, लाखो घरांचा लाडका. सत्यन आधी शिक्षक, मग पोलीस खात्यात अधिकारी, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर नट. काळे, ठेंगणे, रूपाने नायक न वाटणारे आणि अभिनयाने सगळ्यांना मागे टाकणारे. एकाकडे रूप, दुसऱ्याकडे ताकद. तिसऱ्या माणसासाठी जागा उरली होती ती हरणाऱ्याची. मधूंनी ती घेतली. पुढे वीस वर्षं मल्याळम चित्रपटात प्रेम गमावणारा, पैसा गमावणारा, लायकी असून मागे पडणारा तरुण दाखवायचा असला की दिग्दर्शकांना त्यांची आठवण व्हायची.

त्यांतला सर्वांत प्रसिद्ध पराभूत म्हणजे ‘चेम्मीन’मधला परीकुट्टी. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची कादंबरी १९५६ ची, रामू कारियाट यांचा चित्रपट १९६५ चा. निर्माता बाबू अगदी तरुण होता आणि त्याने माणसं गोळा केली ती थेट मुंबईहून. संगीत सलील चौधरी यांचं, संकलन हृषीकेश मुखर्जी यांचं. छायाचित्रण मद्रासचे मार्कस बार्टली यांचं. या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. हे पदक पहिल्यांदा दिलं गेलं ते आपल्या आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. दक्षिणेत ते पहिल्यांदा गेलं ‘चेम्मीन’मुळे.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण परीकुट्टी कोण हे कळल्याशिवाय मधू कळत नाहीत. चेंबनकुंजु हा कोळी. स्वतःची होडी आणि जाळं घ्यायची त्याची जन्माची आस. पैसे नाहीत. मासळीचा व्यापार करणारा मुसलमान तरुण परीकुट्टी त्याला मदत करतो, कारण त्याचं चेंबनकुंजुच्या मुलीवर, करुत्तम्मावर, प्रेम आहे. होडी येते, मासळी येते, चेंबनकुंजुला पैसा चढतो आणि उसनवारी परत करायची वेळ येते तेव्हा तो टाळाटाळ करतो. धर्म आड, किनाऱ्याचे नियम आड. करुत्तम्माचं लग्न पळनीशी होतं. परीकुट्टीचा धंदा बुडतो. तो किनाऱ्यावर हिंडतो आणि गातो. कोळ्याची बायको चारित्र्याने वागली तर कडलम्मा, समुद्रमाता, तिच्या नवऱ्याला परत आणते, ही त्या किनाऱ्याची श्रद्धा आहे. शेवटी ती तिघांचाही जीव घेते.

सत्यन पळनी, शीला करुत्तम्मा, कोट्टारक्करा श्रीधरन नायर चेंबनकुंजु. तिघांच्याही वाट्याला करण्यासारखं भरपूर आहे. पळनी समुद्राशी झुंजतो, करुत्तम्मा स्वतःशी झगडते, चेंबनकुंजु हावरटपणापायी वेडाच्या काठावर जातो. परीकुट्टीला मात्र काहीच करायचं नसतं. तो देतो आणि उभा राहतो. त्याचं दुःखसुद्धा त्याच्या गळ्यातून येत नाही, ते येतं मन्ना डे यांच्या गळ्यातून. मन्नादांच्या पत्नी मूळच्या केरळच्या, तरी स्वतः मन्नादांना मल्याळम भाषा परकीच. त्या परक्या उच्चारांत गायलेलं गाणं आज साठ वर्षांनंतरही केरळात कुठल्याही गाण्याच्या कार्यक्रमात हमखास होतं. आता नटाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कृती दुसऱ्यांकडे, आवाज दुसऱ्याचा, आणि समोर सत्यन यांच्यासारखा नट. अशा वेळी दुबळा नट चेहऱ्याने जास्त काम करू लागतो. मधूंनी उलट केलं. खांदे किंचित खाली, नजर थेट, संवाद संथ. आपलं हरणं त्यांनी कुणाकडे तक्रार म्हणून नेलं नाही. प्रेक्षकाची सहानुभूती मागत न फिरणारा हरलेला माणूस उभा करणं, याला मी मोठं काम समजतो.

त्या संथ संवादांनी पुढे त्यांचा सूडही घेतला. केरळात मिमिक्री ही मोठी लोकप्रिय कला आहे, आणि करुत्तम्माला हाक मारणारा परीकुट्टी हा तिथल्या नकलाकारांचं कायमचं गिऱ्हाईक झाला. दोन पिढ्यांनी चित्रपटाआधी नक्कल पाहिली. गंभीर नटाच्या नशिबी असं येतं, आपल्याकडेही आलेलं आहे. नावं तुम्हीच आठवा.

‘चेम्मीन’च्या आदल्या वर्षी त्यांनी एक भूमिका केली होती, तिच्याकडे मी स्वतः अधिक ओढला जातो. ‘भार्गवी निलयम’, १९६४. पटकथा वैकोम मुहम्मद बशीर यांची, स्वतःच्याच कथेवरून. छायाचित्रकार ए. विन्सेंट यांचं हे पहिलं दिग्दर्शन. एक लेखक भुताटकीचं म्हणून टाकलेल्या घरात राहायला येतो. तिथे भार्गवी नावाच्या, जीव गेलेल्या मुलीचं वास्तव्य आहे, असं गाव सांगतं. लेखक घाबरतो, पण पळून जात नाही. तो तिच्याशी बोलायला लागतो, सौजन्याने, घरमालकिणीशी भाडेकरू बोलतो तसा. समोर कुणी नाही, उत्तर येत नाही, आणि नट एकटा बोलत राहतो. संगीत नाटकाच्या परंपरेतला आपला प्रेक्षक स्वगताला नवा नाही. पण कॅमेऱ्यासमोर, रिकाम्या खोलीत, आवाज न चढवता लांबलचक स्वगत पेलणं ही निराळी गोष्ट. तिथे प्राध्यापक मधू कामाला आले असावेत. नायक-नायिकेची प्रेमकथा तिथेही नझीर आणि विजया निर्मला यांचीच आहे. मधू त्यांची गोष्ट लिहून काढणारे. पुन्हा बाजूला.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. परीकुट्टी मुसलमान. ‘ओळवुम तीरवुम’मधला बापुट्टी मुसलमान. उरूब यांच्या कादंबरीवरच्या ‘उम्माचु’मधला मायन मुसलमान. बशीर यांचा लेखक तर जवळपास बशीरच. तिरुवनंतपुरमच्या महापौराचा नायर मुलगा मलबारच्या आणि किनाऱ्यावरच्या मुसलमान तरुणांचा पडद्यावरचा चेहरा झाला, आणि हे कुणाला खटकलं नाही. ही पात्रं खलनायक नाहीत, विदूषक नाहीत आणि एकतेचा संदेश देणारी पुतळ्यासारखी सज्जन माणसंही नाहीत. ती प्रेम करतात, धंदा करतात, चुकतात, मायनसारखी खूनही करतात. हिंदी चित्रपट त्या काळात मुसलमान नायकाला शेरवानी चढवून लखनौला पाठवत होता. हा फरक नोंदवण्याजोगा आहे. याचं श्रेय अर्थात आधी तकळी, बशीर, उरूब, एम. टी. वासुदेवन नायर या लेखकांना. तिथला चित्रपट साहित्याचा हात धरून मोठा झाला.

‘ओळवुम तीरवुम’ १९७० चा. दिग्दर्शक पी. एन. मेनन, पटकथा एम. टी. वासुदेवन नायर यांची, छायाचित्रण मंकडा रवि वर्मा यांचं. मल्याळम चित्रपट स्टुडिओतून बाहेर पडला तो इथे, असं तिथले समीक्षक मानतात. बापुट्टी नदीतून लाकूड वाहून नेणारा व्यापारी. नबीसावर त्याचं प्रेम, आणि पैशाच्या जोरावर तिला उद्ध्वस्त करणारा कुंजाली. बापुट्टी हरतो. त्या वर्षीचा उत्कृष्ट चित्रपटाचा राज्य पुरस्कार याला मिळाला.

दोन वर्षांनी ‘स्वयंवरम्’. अडूर गोपालकृष्णन यांचा पहिला चित्रपट. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या अडूर यांनी मित्रांबरोबर चित्रलेखा नावाची चित्रपट सहकारी संस्था काढली होती, तिची ही निर्मिती. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आणि दूध संघ आठवतो. तिकडे सहकारातून राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा चित्रपट निघाला. पैसा तुटपुंजा, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचं कर्ज. नायिका शारदा, नायक मधू.

मघाशी पडद्यावर आपण त्याच्या सुरुवातीचा तुकडा पाहिला. बस चालली आहे, ती दोघं शेजारी बसली आहेत, आजूबाजूला प्रवासी, आणि कितीतरी वेळ कुणी काही बोलत नाही. घरच्यांचा विरोध पत्करून निघालेलं जोडपं आहे, हे आपल्याला चेहऱ्यांवरून कळतं. पुढे विश्वमला लेखक व्हायचं असतं, कादंबरी कुणी छापत नाही. शिकवणी वर्गात नोकरी मिळते, तिथे पगार नीट मिळत नाही. मग लाकडाच्या वखारीत कारकुनी मिळते, पण ती दुसऱ्याला काढून टाकून रिकामी झालेली असते. तो काढलेला माणूस येऊन उभा राहतो, बघतो. ती छोटी भूमिका करणारा नट म्हणजे पुढे ‘कोडियेट्टम’ने देशभर गाजलेला गोपी. विश्वम त्याच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. आयुष्यभर हरणाऱ्यांचे नायक झालेले मधू इथे दुसऱ्या कुणाच्या हरण्याला कारण होतात, आणि पुढे आजारपणात विश्वम मरून जातो. सीता मागे राहते, तान्ह्या मुलाला घेऊन.

‘स्वयंवरम्’ला चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेत्री, छायाचित्रण. नायकाला नाही. त्या वर्षी उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार ‘कोशिश’साठी संजीवकुमारला गेला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हिशेब मांडून पाहा. देशातला उत्कृष्ट चित्रपट ठरलेले पहिले दोन मल्याळम चित्रपट म्हणजे ‘चेम्मीन’ आणि ‘स्वयंवरम्’. दोन्हींत मधू. शिवाय हा माणूस त्या वेळी व्यावसायिक चित्रपटांचा चलतीतला नायक होता. सत्यन १९७१ मध्ये गेले, त्यांच्या वाट्याच्या गंभीर भूमिका मधूंकडे येऊ लागल्या होत्या. अशा वेळी एका नवख्या दिग्दर्शकाच्या, बिनगाण्यांच्या, बिनपैशाच्या चित्रपटाला होकार देणं हा धंद्याच्या दृष्टीने आतबट्ट्याचा व्यवहार. समांतर चित्रपटाविषयी बोलताना आपण दिग्दर्शकांची चरित्रं सांगतो. आपलं नाव आणि तारखा देऊ करणारा प्रस्थापित नट त्या हिशेबात धरला जात नाही.

आता निर्माते मधू. इथे मी हातचं राखून बोलणार आहे. दिग्दर्शनाची सुरुवात त्यांनी १९७० मध्ये ‘प्रिया’ने केली, सी. राधाकृष्णन यांच्या कादंबरीवरून, बंगाली अभिनेत्री लिली चक्रवर्ती यांना घेऊन. स्वतःकडे भूमिका घेतली ती बाईच्या आयुष्याची माती करणाऱ्याची. चलतीतल्या नायकाने पहिल्याच दिग्दर्शनात स्वतःला असं उभं करावं, याचं मला अप्रूप आहे. १९७१ चा ‘सिंदूरच्चेप्पु’ कवी युसुफली केचेरी यांच्या लेखणीतला. मग त्यांनी स्वतःची निर्मिती सुरू केली, ‘सती’, ‘अस्तमयम्’, ‘शुद्धिकलशम्’, ‘अर्चना टीचर’, अशी बरीच नावं आहेत. ‘तीक्कनल’ला संगीत दिलं गायक येसुदास यांनी. यांतले बरेचसे चित्रपट कौटुंबिक, भावुक, त्या काळच्या साच्यातले. स्वतः ‘स्वयंवरम्’ केलेल्या माणसाने निर्माता म्हणून ‘स्वयंवरम्’च्या वाटेने जाण्याचं धाडस फारसं केलं नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. नट म्हणून त्यांनी जो धोका पत्करला तो निर्माता म्हणून पत्करला नाही. अपवाद खूप उशिरा आला. ‘मिनी’, १९९५, दिग्दर्शक पी. चंद्रकुमार. बापाच्या दारूशी झुंजणाऱ्या लहान मुलीची गोष्ट. त्याला कुटुंबकल्याण विषयावरच्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग निर्माता म्हणून त्यांचं मोल कशात? स्टुडिओत. त्या काळी मल्याळम चित्रपट राहायचा मद्रासला. नट कोडंबाक्कमच्या आसपास, तंत्रज्ञ तिथले, प्रयोगशाळा तिथल्या, अगदी समुद्रकिनाऱ्यावरची गोष्टसुद्धा डबिंगसाठी तिथेच जायची. केरळात आलप्पुळ्याला कुंचाको यांचा उदया आणि तिरुवनंतपुरमला सुब्रह्मण्यम यांचा मेरीलँड, असे दोन जुने स्टुडिओ होते, पण ते आपापल्या मालकांची संस्थानं. कोल्हापूर सोडून मुंबईला गेलेला मराठी चित्रपट आठवा, म्हणजे परिस्थिती लक्षात येईल. सत्तरच्या दशकात मधूंनी मद्रासचा मोह सोडून आपल्या गावी, तिरुवनंतपुरमजवळ पुळियरक्कोणमला, स्टुडिओ उभारला. मुलीच्या नावावरून नाव दिलं उमा. सरकारी चित्रपट विकास महामंडळ १९७५ चं, त्याचा चित्रांजली स्टुडिओ १९८० चा. सरकारी यंत्रणा हलायच्या आसपासच एका नटाने आपली कमाई गावच्या जमिनीत आणि यंत्रसामग्रीत घातली. पुढे मल्याळम चित्रपट खरोखरच घरी आला. त्याची कारणं अनेक आहेत, सरकारी अनुदानही त्यात आहे. पण आधी पैसे कुणी गुंतवले, हे विचारायला हवं. परीकुट्टीनेही दुसऱ्याच्या होडीत पैसे घातले होते. मधूंचा व्यवहार त्याच्यापेक्षा बराच शहाणपणाचा, एवढाच फरक.

उतारवयाबद्दल थोडक्यात. आय. व्ही. ससी यांच्या ‘इता इविडे वरे’मध्ये, १९७७ साली, ते ज्याच्यावर सूड उगवायचा तो माणूस झाले. १९८२ च्या ‘पडयोट्टम’मध्ये नझीर, मधू, मामुट्टी आणि मोहनलाल एकाच चित्रपटात दिसतात, सत्तांतराचं छायाचित्र काढावं तसे. नंतर वडील, न्यायाधीश, मोठे कारणवर म्हणजे कुटुंबप्रमुख, अशा भूमिका. २००४ मध्ये केरळ सरकारचा जे. सी. डॅनियल पुरस्कार, २०१३ मध्ये पद्मश्री. २०२३ मध्ये त्यांनी नव्वदी पूर्ण केली, आणि मोहनलालपासून सगळ्यांनी त्यांना मधुसार म्हणून नमस्कार केला. त्याच वर्षी बशीर यांची भुताच्या घराची गोष्ट नव्याने पडद्यावर आली. तरुण टोविनो थॉमसने तीच लेखकाची भूमिका केली. मी ती पाहिली. टोविनो चांगला नट आहे, पण त्याला त्या रिकाम्या खोलीत कॅमेऱ्याची फार सोबत आहे.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना एक विनंती करून थांबतो. एखाद्या नटावर तासभर बोलणं आणि ऐकणं सोपं आहे, त्याचे चित्रपट बघणं आपण टाळतो. पुढच्या वर्षी एक पुष्प कमी ठेवा आणि त्या संध्याकाळी ‘स्वयंवरम्’ दाखवा, इंग्रजी उपशीर्षकांसह का होईना. सोबत कथेची चार ओळींची मराठी टिपणी छापून वाटा, म्हणजे मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांना अडचण येणार नाही. ‘चेम्मीन’ त्यानंतरच्या वर्षी ठेवा, तो रंगीत आहे, गाण्यांचा आहे, त्याला गर्दी आपोआप होईल. सुरुवात मात्र ‘स्वयंवरम्’ने करा. टिपणी लिहून द्यायला मी तयार आहे.